नियम-तपासनीस: चुका दाखवण्याच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२४, वागळे इस्टेट, ठाणे

तपासनीसची चुका दाखवायची बाजू आजपासून हातात घेतली. सहा महिन्यांनी उघडलं तरी संदर्भ लागावा म्हणून आधीचं थोडक्यात लिहून ठेवते. हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांसाठी आम्ही एक छोटी नियमभाषा केली आहे. मॅनेजर नोटपॅडमध्ये मराठीत नियम लिहितात, तपासनीस ते वाचतो, आणि सगळं नीट असेल तर बिलांचा प्रोग्राम पुढे चालतो. नियम असा दिसतो:

नियम "पार्किंग":
    जर वाहन = "चारचाकी" तर ५००
    जर वाहन = "दुचाकी" तर १५०
संपला

सध्या वापरणारे एकच, नौपाड्यातले काका. बँकेतून निवृत्त झाले, आता तीन सोसायट्यांचे हिशेब सांभाळतात. ताळेबंद त्यांच्या हातचा मळ आहे, पण प्रोग्रामिंगशी आयुष्यात संबंध आलेला नाही.

त्यांची पाचपाखाडीच्या सोसायटीची फाइल चालवून पाहिली. ओळी २१२, दाखवलेल्या चुका ४३, खरी चूक एक. १४व्या ओळीवर सुरू झालेल्या नियमाला 'संपला' लिहायचं राहिलं होतं. बाकीच्या ४२ त्या एकीच्या पोटातून आलेल्या. सगळ्यात वर होतं 'ओळ २१: अनपेक्षित शब्द नियम'. काका तासभर २१वी ओळ उलटसुलट लिहून बघत होते. २१व्या ओळीत काहीही चुकलेलं नव्हतं.

तपासनीस स्वतः जिथे अडखळला ती जागा सांगतो. काका चुकले ती जागा सात ओळी वर होती. या दोन जागांमधलं अंतर मला कमी करायचं आहे. बाकी रंग, चौकटी, आयकॉन नंतर बघू.

६ जून

दोन बदल. पहिला, चूक सापडली की ओळीच्या सुरुवातीला येणाऱ्या पुढच्या 'नियम' शब्दापर्यंतचा मजकूर सोडून द्यायचा आणि तिथून नव्याने वाचायला लागायचं. कंपायलरच्या (कोड वाचून तो यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामच्या) पुस्तकांत याला पॅनिक मोड म्हणतात. नाव घाबरवणारं असलं तरी पद्धत साधी आणि जुनी आहे. ४३ चुकांच्या जागी एक उरली.

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. एका नियमाच्या आत ओळीच्या सुरुवातीला दुसरा 'नियम' दिसला, तर आधीचा मिटवायचा राहिला असं धरायचं आणि बोट आधीच्या नियमावर ठेवायचं. आता संदेश असा येतो: 'ओळ १४ वरचा "लिफ्ट" हा नियम मिटवलेला नाही. ओळ २१ वर पुढचा नियम सुरू होतो, त्याआधी "संपला" लिहा.'

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना आपण सगळ्यांनी हीच ठेच खाल्ली आहे. अर्धविराम एका ओळीवर राहतो आणि कंपायलर पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो. जीसीसी हा सीचा कंपायलर १९८७पासून आहे. हा अर्धविराम जिथे राहिला त्या आधीच्या ओळीच्या शेवटी बोट ठेवणं त्यांनी २०१८च्या आठव्या आवृत्तीत आणलं. किती विद्यार्थ्यांच्या किती रात्री त्या पुढच्या ओळीवर गेल्या असतील.

११ जून

सकाळी काकांचा फोन. 'ताई, कोलन दिलाय मी. तुमचं यंत्र म्हणतंय नाही दिला.'

व्हॉट्सॲपवर फोटो आला. शीर्ष म्हणजे बिलातलं हिशेबाचं एक खातं. ओळ अशी:

शीर्ष मालमत्ताकरः शासकीय

मलाही कोलनच दिसला. फाइल मागवून एकेक अक्षर सुटं करून पाहिलं तेव्हा कळलं, तो विसर्ग आहे. काका इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर टाइप करतात, तिथे शिफ्ट धरून वजाची कळ दाबली की विसर्ग येतो. शब्दाला चिकटून दोन टिंबं, मोठ्या अक्षरातसुद्धा फरक ओळखू येत नाही. माणसाला समोर कोलन दिसतोय आणि यंत्र 'कोलन नाही' म्हणतंय, याहून चीड आणणारं काय असेल? काका चिडले नाहीत, त्यांना वाटलं आपल्यालाच काहीतरी कळत नाहीये. ते मला जास्त लागलं.

विसर्ग गुपचूप कोलन म्हणून चालवून घ्यावा का, यावर सहकाऱ्याशी बराच वेळ बोलणं झालं. तो म्हणाला, घे चालवून, कोणाला त्रास आहे. माझं मत वेगळं पडलं. 'पुनःस्थापना_निधी' असं शीर्ष उद्या कोणी लिहील, त्यात विसर्ग हक्काने आहे. आज चालवून घेतलं तर कुठे विसर्ग चालतो आणि कुठे नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून चूक म्हणूनच दाखवायची, पण नाव घेऊन: '"मालमत्ताकर" च्या पुढे विसर्ग (ः) आला आहे. इथे कोलन (:) हवा. दोन्ही दिसायला सारखे असतात. विसर्ग खोडून कोलनची कळ दाबा.'

सारख्या दिसणाऱ्या चिन्हांचा तक्ता करायला घेतला. दंड आणि उभी रेघ, वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणं, मराठी शून्य आणि इंग्रजी ओ. तक्ता वाढत जाणार आहे.

१४ जून

आज फक्त भाषा. पहिल्या आवृत्तीत मीच लिहिलं होतं: 'वाक्यरचनात्मक त्रुटी: अपेक्षित चिन्ह आढळले नाही.' हे वाचून माणूस काय करेल? सरकारी पत्र आल्यासारखं बाजूला ठेवून देईल. सगळे ६१ संदेश एकेक करून मोठ्याने वाचले. फोनवर काकांना जसं सांगितलं असतं तसं प्रत्येक वाक्य बदललं. कोणता शब्द, काय हवं, आता काय करायचं, याच क्रमाने.

वॉर्निंगसाठी 'इशारा' ठेवला होता. काकांनी तो वाचला आणि घाबरून फोन केला, कारण पावसाळ्यात इशारा म्हटलं की हवामान खात्याचा. बिल अडेल असं त्यांना वाटलं. त्यांना विचारलं, तुमच्या हाताखालच्या माणसाला तुम्ही अशा वेळी काय म्हणायचात? म्हणाले, 'बघून घ्या, एवढंच लिहायचो समासात.' ठरलं. 'चूक' असेल तर बिल थांबतं, 'बघून घ्या' असेल तर थांबत नाही.

२१ जून

दोन दिवस एका बाणात गेले. चुकीच्या शब्दाच्या बरोबर खाली ^ काढायचा, जसा क्लँग (सीचा आणखी एक कंपायलर) आणि रस्ट भाषेचा कंपायलर काढतात. इंग्रजीत हे सोपं आहे, एक अक्षर म्हणजे एक घर. देवनागरीत 'क्षेत्रफळ' हा शब्द घ्या. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तो २७ बाइट भरतो. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या चिन्हसंचाच्या हिशेबाने त्यात ९ चिन्हं आहेत: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र, फ, ळ. वाचणाऱ्याला अक्षरं चारच दिसतात: क्षे, त्र, फ, ळ. आणि युनिकोडचे अक्षरगट मोजायचे तर सप्टेंबर २०२३च्या १५.१ आवृत्तीपर्यंत उत्तर सहा येत होतं, कारण जोडाक्षर हलन्तापाशी तोडलं जायचं. १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम आला.

म्हणजे एकाच शब्दाची लांबी २७, ९, ६ किंवा ४. आमचा बाण बाइट मोजत होता, त्यामुळे तो ओळीच्या बाहेर उजवीकडे कुठेतरी जाऊन पडायचा. चार धरून केलं तरी जमलं नाही. 'क्षे' रुंद, 'र' अरुंद, आणि प्रत्येक खिडकी आपापल्या मापाने अक्षर काढते. माझ्या लॅपटॉपवर बाण बरोबर, काकांच्या मशीनवर दीड अक्षर पुढे.

सरळ सोडून दिलं. बाण काढलाच नाही. मूळ ओळ पुन्हा छापायची आणि चुकलेल्या शब्दाला तिथेच दोन्ही बाजूंनी खूण करायची:

ओळ ३८:  मालमत्ताकर = »क्षेत्रफल« × करदर
'क्षेत्रफल' हे नाव कुठे ठरवलेलं नाही. ओळ ६ वर 'क्षेत्रफळ' आहे, तेच म्हणायचं आहे का?

खूण शब्दाला चिकटलेली आहे, ती सरकूच शकत नाही. रंगही फक्त खऱ्या टर्मिनलवर (स्क्रीनवरच्या आज्ञांच्या खिडकीत), फाइलमध्ये जात असेल तर नाही.

२८ जून

फाइल 'एएनएसआय' या जुन्या, देवनागरी न मावणाऱ्या पद्धतीत सेव्ह झाली, सगळं देवनागरी प्रश्नचिन्हांत गेलं. तपासनीसने १९० चुका दाखवल्या. आता आधीच ओळखतो आणि एकच सांगतो: 'फाइलमधली अक्षरं सेव्ह करताना हरवली आहेत. जुनी प्रत उघडा, सेव्ह ॲज मध्ये यूटीएफ-८ निवडा.' हरवलेली अक्षरं परत येत नाहीत, हे स्पष्ट लिहिलं. आशा लावून ठेवण्यात अर्थ नाही.

१ जुलै

वाईट दिवस. तिमाही बिलं निघाली आणि ८४ फ्लॅटच्या बिलांत पाण्याचा आकार नाही. संध्याकाळी काकांच्या लक्षात आलं, तोवर निम्मी वाटून झाली होती.

कारण माझ्याच ६ जूनच्या कामात निघालं. पाण्याच्या नियमात चूक होती, नळांची संख्या दोनदा लिहिली गेली होती. तपासनीसने ती दाखवली, मग तो नियम सोडून पुढचे वाचले, जसं मी शिकवलं होतं. पण वाचून झालेले नियम त्याने बिलांच्या प्रोग्रामला देऊन टाकले, आणि बाहेर पडताना शून्य हा कोड दिला, म्हणजे 'सगळं ठीक'. स्क्रीनवर चूक लिहिलेली होती. हे प्रोग्राम एकामागून एक चालवणारी बॅच फाइल ती वाचत नाही, ती कोड बघते.

रात्री दुरुस्त केलं. चुकीनंतर सावरून पुढे वाचायचं ते फक्त पुढच्या चुका शोधायला. एकही चूक असली तर एकही नियम बाहेर जाणार नाही. कोड ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रामसारखे तीन: ० म्हणजे ठीक, १ म्हणजे नियमांत चूक, २ म्हणजे तपासनीसच मोडला. बॅच फाइलमध्ये 'इफ एररलेव्हल १' लिहिलं की १ आणि त्यावरचं सगळं पकडलं जातं, त्यामुळे एकच ओळ पुरली. चुकांचा मजकूर आता स्टँडर्ड एरर या वेगळ्या वाटेने बाहेर पडतो, नियम स्टँडर्ड आउटपुट या नेहमीच्या वाटेने. दोन्ही एकाच नळातून सोडायला नको होते.

काकांबरोबर बसून सभासदांना द्यायची दिलगिरीची चिठ्ठी लिहिली.

९ जुलै, घरून

काल पावसाने लोकल कोलमडल्या, आज घरूनच. निवांत बसून एक विचित्र तक्रार सोडवली. तपासनीस काकांना म्हणाला होता:

'भाडेकर्‍याचा' हे नाव ठरवलेलं नाही. 'भाडेकऱ्याचा' म्हणायचं आहे का?

दोन्ही एकच दिसतात. काकांनी तीनदा पुन्हा टाइप केलं, तीनदा तेच. आपल्या ऱ्य चं दुखणं आहे हे. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, आणि य. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह र दाबला की पहिलं येतं. ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवर फोनेटिक कळफलक आहे, तिथून दुसरं आलं. आमच्या 'म्हणायचं आहे का'च्या मागे लेव्हेनश्टाइनचं अंतर आहे, म्हणजे किती अक्षरं बदलली की एक शब्द दुसरा होतो ते. इथे ते दोन येतं. एक अक्षर बदललं, एक वाढलं.

युनिकोडचं प्रमाणीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते र आणि नुक्ता एकत्र करून ऱ करतं, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही. म्हणून वाचतानाच आम्ही र, हलन्त, जॉइनर असं दिसलं की ऱ आणि हलन्त करून टाकतो. विसर्गाच्या वेळी मी गुपचूप बदलायला नको म्हणाले होते, इथे बदललं. फरक असा की विसर्ग आणि कोलन लिहिणाऱ्याच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऱ्या एकच आहे, आणि त्याची दोन रूपं काकांनी निवडलेली नाहीत.

१८ जुलै

११७ 'बघून घ्या'. प्रत्येक वेळी. काका माउसचं चाक फिरवून खाली जातात, मी असते तरी तेच केलं असतं. त्यांतल्या ९६ एकाच प्रकारच्या: अमुक शीर्ष ठरवलं आहे पण वापरलेलं नाही. सगळ्या सोसायट्यांना शीर्षांची एकच तयार यादी आम्हीच दिली आहे, मग न वापरलेली शीर्षं असणारच. हा गोंगाट आम्ही तयार केला.

त्या ढिगात ही एक पडून होती:

जर वाहने > १ तर ३००
जर वाहने > २ तर ६००

पहिला लागू झाला की तपासनीस पुढे बघत नाही, त्यामुळे दुसरी ओळ कधीच पोचत नाही. तीन गाड्या असलेल्यांना तीनशेच लागत होते. दोन आठवडे तपासनीस हे सांगत होता आणि त्याचं कोणाला ऐकू जात नव्हतं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लिहिलेली सापडली. दुसरीमुळे पुढची तपासणी कधी चालतच नव्हती आणि खोटी सही खरी ठरत होती. कधीच न पोचणारा कोड दाखवणारी वॉर्निंग क्लँगमध्ये होती, पण 'वॉल' (-Wall, म्हणजे वॉर्निंग ऑल) हा पर्याय चालू केला तरी ती त्यात येत नाही, वेगळी मागावी लागते. नाव ऑल, पण सगळ्या नाहीत. वॉर्निंग असणं आणि ती माणसापर्यंत पोचणं, या दोहोंत एवढं अंतर पडू शकतं.

आता तयार यादीतल्या शीर्षांबद्दल बोलायचं नाही. 'ही ओळ कधीच लागू होणार नाही' हे 'बघून घ्या' मधून काढून 'चूक' केलं, कारण अशी ओळ कोणी मुद्दाम लिहीत नाही. उरलेल्यांपैकी एखादी नको असेल तर त्या ओळीच्या वर 'दुर्लक्ष' लिहायचं, पण कारण दिल्याशिवाय ते चालत नाही. ११७ वरून ४ वर आलं. काकांनी चारही वाचल्या.

३० जुलै

सहकाऱ्याने तपासनीस व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरला जोडला. सगळ्या चुका एक ओळ खाली दिसत होत्या. एडिटर आणि तपासनीस ज्या ठरलेल्या रीतीने बोलतात त्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये ओळी शून्यापासून मोजतात, आम्ही एकपासून. स्तंभ यूटीएफ-१६ च्या एककांत द्यायचे असतात (प्रोटोकॉलच्या ३.१७ आवृत्तीपासून दुसरं ठरवता येतं). देवनागरीत ते युनिकोड चिन्हांइतकेच येतात, म्हणून इथे 'क्षेत्रफळ' ९. अर्ध्या दिवसात झालं.

२० ऑगस्ट

या महिन्याचा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि संगणकाचा कमी, कायद्याचा जास्त. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१च्या आदेशाने त्यावर मर्यादा आहे: सेवाशुल्काच्या १० टक्के, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. तपासनीसमध्ये ही तपासणी घातली. 'बघून घ्या' की 'चूक'? मी आधी पहिलं ठेवलं होतं. काका म्हणाले, 'ताई, बिल हातात पडल्यावर सभासद रजिस्ट्रारकडे जाणार. तेव्हा तुमचं बघून घ्या कोण बघणार?' चूक केली.

लगेच घोडबंदर रोडच्या सोसायटीची फाइल अडली. 'ओळ ९०: नॉन-ऑक्युपन्सी २४० रुपये, मर्यादा १८०.' काका नौपाड्याहून वागळेला आले, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि प्रिंट टेबलावर ठेवून ९०व्या ओळीवर बोट ठेवलं. 'दहाच टक्के लिहिलंय की!' खरंच होतं:

नॉन_ऑक्युपन्सी = सेवाशुल्क_एकूण × १०%

ओळ ९० निर्दोष. ३ जूनची २१वी ओळ आठवली आणि पोटात गोळा आला, अडीच महिने काम करून मी त्याच जागी उभी होते. खरी गोष्ट ३१व्या ओळीवर होती. या सोसायटीत ठामपाचा (ठाणे महानगरपालिकेचा) मालमत्ता कर सोसायटीच गोळा करते, आणि बेरजेत तो सेवाशुल्कात मिसळला होता. सेवाशुल्क १,८००, कर ६००, बेरीज २,४००, तिचे १० टक्के २४०.

तपासनीसला रक्कम माहीत होती, ती कशातून बनली ते तो मोजून झालं की विसरत होता. आता प्रत्येक रकमेबरोबर तिचं मूळही पुढे जातं: कोणत्या ओळीवर, कोणत्या शीर्षांची बेरीज. शासकीय शीर्ष सेवाशुल्कात शिरलं तर बोट तिथे. आठवडाभराचं काम झालं, तपासणी थोडी मंदावली, पण २१२ ओळींच्या फाइलला कोण घड्याळ लावतंय. आता येतं ते असं:

चूक ०२३
ओळ ३१:  सेवाशुल्क_एकूण = सफाई + सुरक्षा + लिफ्ट + »मालमत्ताकर«
मालमत्ताकर हे शासकीय शीर्ष आहे (ओळ ४ वर ठरवलं), ते सेवाशुल्कात धरता येत नाही.
परिणाम ओळ ९० वर: नॉन-ऑक्युपन्सी २४०, मर्यादा १८०.

५ सप्टेंबर

प्रत्येक संदेशाला क्रमांक दिला. काका बसमधून फोन करतात, तीन हात नाक्याच्या गर्दीत पूर्ण वाक्य ऐकू येत नाही, 'शून्य तेवीस' ऐकू येतं. क्रमांक टाकला की उदाहरणासह सविस्तर स्पष्टीकरण उघडतं, रस्टच्या 'एक्सप्लेन'सारखं. एकदा दिलेला क्रमांक कधी दुसऱ्या चुकीला द्यायचा नाही.

३० सप्टेंबर

उद्यापासून नवी तिमाही. तिन्ही सोसायट्यांची बिलं तपासून झाली. काकांचा फोन दुपारी आला. नौपाड्याच्या फाइलमध्ये दोन चुका निघाल्या होत्या, त्यांनीच काढल्या. फोन त्यासाठी नव्हता. 'ताई, ते दुर्लक्षचं कारण आहे ना, तिथे लोक काहीही लिहितील. सभेचा ठराव मागा. ठराव क्रमांक आणि तारीख. ऑडिटर तेच विचारतो.'

संध्याकाळी बदललं:

चूक ०५२
ओळ ६६:  दुर्लक्ष ०३७ कारण »"चेअरमन म्हणाले"«
कारणात सभेचा ठराव क्रमांक आणि तारीख हवी. उदा. "ठराव ७, १५ ऑगस्ट २०२४".